मागची उंची बदलण्याआधी
आमच्याकडून सस्पेन्शन बसवून घेतलेल्या ग्राहकांसाठी माहिती

मूळ सस्पेन्शन काढून उंची बदलता येणारे सस्पेन्शन बसवले, की बहुतेकांची पहिली मागणी असते, ‘गाडी मागून वर दिसते, जरा खाली घ्या.’ घेता येते. पण आधी एक गोष्ट लक्षात घ्या. मागच्या सीटवरची माणसे आणि डिकीतले सामान यांचा भार मुख्यतः मागच्या स्प्रिंगांवर येतो. रिकामी गाडी मागून बोटभर वर असेल, तर भरल्यावर ती सपाट बसते. रिकामी असतानाच सपाट केली, तर भरल्यावर मागून बसते, शॉकअप स्टॉपरवर आपटतात आणि खड्ड्याचा दणका थेट बॉडीला लागतो. म्हणून उंची ठरवायची ती तुम्ही नेहमी जेवढा भार घेऊन फिरता त्यावरून, फोटोत गाडी कशी दिसते त्यावरून नव्हे.

मोजमाप

जमिनीपासून मोजू नका. टायरची हवा आणि झीज यांमुळे ते माप बदलते. चाकाच्या मध्यापासून सरळ वर, मडगार्डच्या कडेपर्यंत मोजा. गाडी सपाट जागेवर हवी, हवा बरोबर भरलेली हवी. मागचे काम असले तरी मापे चारही चाकांची लिहून ठेवा.

रिंग किती फिरवायची

अनेक गाड्यांत मागे स्प्रिंग आणि शॉकअप वेगवेगळे असतात. स्प्रिंग आर्मवर (चाकाला बॉडीशी जोडणाऱ्या दांड्यावर), चाकापासून आत बसते, त्यामुळे स्प्रिंगखालची आट्यांवर फिरणारी रिंग जेवढी सरकते त्याहून जास्त फरक चाकापाशी पडतो. आर्म जिथे बॉडीला जोडलेला असतो तिथून चाकापर्यंतच्या अंतराच्या दोन-तृतीयांशावर स्प्रिंग असेल, तर रिंग १० मिमी सरकवल्यावर उंची सुमारे १५ मिमीने बदलते. म्हणून थोडे फिरवा, मोजा, मग पुढचे ठरवा.

गाडी जॅकवर उचलून स्टँडवर घ्या. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली हात घालू नका. आटे तारेच्या ब्रशने साफ करा. स्प्रिंगवर भार असताना किंवा आट्यांत माती असताना रिंग फिरवली तर आटे खराब होतात आणि ते पुन्हा नीट होत नाहीत. चाक लोंबकळत असताना स्प्रिंग हाताने हलू लागली, तर तिथेच थांबा. उंची त्याहून कमी केलीत तर स्प्रिंग जागेवरून सुटू शकते. शेवटी लॉक रिंग (पहिली रिंग जागेवर पक्की धरणारी दुसरी रिंग) घट्ट करायला विसरू नका.

बुश

‘एक बाजू वर राहिली’ अशी तक्रार आली की आम्ही आधी आर्मच्या सांध्यातले रबरी बुश पाहतो. त्यातला रबर आर्मसोबत पिळला जातो. चाक लोंबकळत असताना बुशचा बोल्ट आवळला, तर गाडी खाली ठेवताच रबर पिळलेला राहतो आणि गाडीला वर ढकलत राहतो. दिसणारी उंची खोटी ठरते, बुशही लवकर फाटतो. त्यामुळे बोल्ट सैल ठेवून गाडी चाकांवर आणा आणि नव्या उंचीलाच आवळा. उंची बरीच बदलली असेल, तर न उघडलेले बोल्टही सैल करून पुन्हा आवळावेत.

जॅक काढल्याकाढल्या घेतलेले माप धरू नका. गाडी काही मीटर पुढे-मागे ढकला, डिकीवर दोन-चारदा दाब द्या, मग मोजा. डाव्या-उजव्या बाजूंत थोडा फरक उरला तर एकाच बाजूची रिंग फिरवत बसू नका. मागची डावी बाजू उचलली की पुढच्या उजव्या चाकावरचा भारही वाढतो. ५ मिमीपर्यंतचा फरक आम्ही तसाच ठेवतो.

उंची बदलल्यावर

व्हील अलाइनमेंट करून घ्या, नाहीतर मागचे टायर आतून झिजतील. मागून गाडी खाली आली की हेडलाइटचा झोत वर जातो आणि समोरच्याच्या डोळ्यांवर येतो, तो जुळवा. काही गाड्यांत मागच्या ब्रेकचा दाब भारानुसार ठरवणारा व्हॉल्व्ह आर्मला जोडलेला असतो. गाडी खाली घेतली की तो ती भरलेली समजतो, मागे जास्त दाब सोडतो आणि जोरात ब्रेक मारल्यावर मागची चाके आधी जाम होऊ शकतात. हे टाळू नका, आमच्याकडून तपासून घ्या. ब्रेकचा होज आणि एबीएसची वायर कुठे ताणत किंवा घासत नाही ना, तेही बघा.

नव्या स्प्रिंगा काहीशे किलोमीटरनंतर थोड्या बसतात. तेव्हा नेहमीचे सामान डिकीत ठेवूनच गाडी घेऊन या, सोबत लिहून ठेवलेली मापेही आणा.