कुवोही: परत मिळालेलं नाव आणि शिखरावरचं थंड जंगल

ग्रेट स्मोकी माउंटन्स राष्ट्रीय उद्यानातल्या सर्वोच्च शिखराला १८ सप्टेंबर २०२४ रोजी त्याचं चेरोकी, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांच्या भाषेतलं, नाव अधिकृतपणे परत मिळालं: कुवोही, म्हणजे तुतीची जागा. टेनेसी आणि नॉर्थ कॅरोलिना या राज्यांच्या सीमेवरचं हे शिखर ६,६४३ फूट उंच आहे. त्याआधी दीडशेहून अधिक वर्षं ते ‘क्लिंगमन्स डोम’ म्हणून ओळखलं जाई. १८३८ साली अमेरिकी सरकारने चेरोकींना बळजबरीने पश्चिमेकडे हाकललं, तेव्हा काही जण याच डोंगरांत लपून राहिले. त्यांचे वंशज आजही उद्यानाला लागूनच राहतात. नाव परत मागण्याचा हक्क त्यांच्याइतका दुसऱ्या कुणाचा असेल असं मला वाटत नाही.

जुनं नाव मात्र उंचीच्या वादातून आलं. प्राध्यापक एलिशा मिचेल आणि राजकारणी थॉमस क्लिंगमन यांच्यात १८५०च्या दशकात जुंपली ती ॲपलाचियन या पूर्व अमेरिकेतल्या पर्वतरांगांतलं (स्मोकी पर्वत त्यांचाच भाग) सर्वात उंच शिखर आधी कुणी मोजलं यावरून. साधन होतं वायुदाबमापक. वर चढावं तशी डोक्यावरची हवा कमी होते आणि पारा उतरतो. त्यावरून उंची काढायची. पण हवामान बदललं तरी पारा हलतोच, म्हणून पायथ्याशी त्याच वेळी दुसरी नोंद घ्यावी लागते. आपलं मोजमाप पुन्हा तपासायला गेलेले मिचेल १८५७ साली धबधब्याजवळ पडून मरण पावले. ६,६८४ फुटांच्या त्या सर्वोच्च शिखराला त्यांचं नाव आहे. पुढे स्मोकी पर्वत मोजणाऱ्या आर्नोल्ड गुयो या स्विस वंशाच्या भूगोलतज्ज्ञाने तिथल्या सर्वात उंच माथ्याला क्लिंगमनचं नाव दिलं.

मला मात्र उंचीपेक्षा इथली थंडी महत्त्वाची वाटते. हिमयुगात उत्तरेकडे बर्फाच्या प्रचंड चादरी पसरल्या, तेव्हा थंडीत वाढणारी स्प्रूस आणि फरची झाडं दक्षिणेकडे सरकली. हवा पुन्हा तापू लागल्यावर दऱ्याखोऱ्यांतून ती हटली आणि फक्त उंच माथ्यांवर उरली. कुवोहीचा माथा असंच एक बेट आहे. इथला फ्रेझर फर जगात फक्त दक्षिण ॲपलाचियनच्या उंच भागातच नैसर्गिकरीत्या वाढतो.

त्याच्या मुळावर उठला तो एक मिलिमीटरहूनही लहान कीटक, बालसम वूली ॲडेल्जिड. युरोपातून आलेला हा कीटक १९६०च्या दशकात या उद्यानात आढळला. तो सालीच्या भेगांत सोंड खुपसून रस शोषतो. त्याच्या लाळेमुळे नवं लाकूड बिघडतं, पाणी वर चढेनासं होतं आणि काही वर्षांत झाड वाळतं. उद्यानातले बहुतेक प्रौढ फर असेच गेले. नुकसान तिथेच थांबलं नाही. सावली हरपली, खडकांवरच्या ओल्या शेवाळाच्या गाद्या सुकल्या आणि त्यांत राहणारा चार मिलिमीटरचा स्प्रूस-फर मॉस कोळी संकटात आला. १९९५पासून तो अमेरिकेच्या धोक्यातल्या प्रजातींच्या यादीत आहे.

मेलेल्या खोडांखालून आज फरची नवी पिढी दाटीने वर येते आहे. कोवळी साल गुळगुळीत असते, त्यामुळे कीटकाला आसरा मिळत नाही. वयाबरोबर सालीला भेगा पडतील, तेव्हा यांतली किती झाडं बी धरण्याइतकी टिकतात यावर इथल्या जंगलाचं पुढचं सगळं अवलंबून आहे.