एआर सँडबॉक्स

खऱ्या वाळूवर प्रोजेक्टरच्या प्रकाशाने जिवंत नकाशा उमटवणारे भूगोल शिकवण्याचे साधन. समोरच्या खऱ्या वस्तूवर संगणकाने तयार केलेले चित्र त्याच क्षणी, नेमक्या जागी बसवणे याला संवर्धित वास्तव किंवा एआर म्हणतात. पाठ्यपुस्तकातला क्यूआर कोड मोबाइलवर व्हिडिओ उघडतो. त्यालाही हल्ली कौतुकाने एआर म्हटले जाते, पण ते तसे नव्हे.

या तंत्राचा उगम शाळेत झालेला नाही. संगणकशास्त्रज्ञ इव्हान सदरलँड यांनी १९६८ साली दाखवलेले डोक्यावर घालायचे यंत्र छताला टांगलेल्या दांड्याला जोडलेले असे. पुढे १९९०च्या दशकाच्या सुरुवातीस बोइंगमधील टॉम कॉडेल यांनी विमानातील तारांच्या जुळणीसंदर्भात ‘संवर्धित वास्तव’ हे नाव वापरले.

एआर सँडबॉक्स ही वाळूपेटी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील शाखेत ऑलिव्हर क्रायलोस यांनी २०१२च्या सुमारास घडवली. सुमारे एक मीटर लांब पेटीवर किनेक्ट हा खोली मोजणारा कॅमेरा आणि प्रोजेक्टर टांगलेले असतात. वाळूची उंची सतत मोजली जाते आणि त्यानुसार रंग व समोच्च रेषा (सारख्या उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषा) वाळूवरच पडतात. मूठभर वाळू उपसली की सेकंदभरात तिथल्या रेषा सरकतात. पेटीवर पंजा पसरून धरला की खाली पाऊस पडतो. पाणी अर्थातच प्रकाशाचे. पण ते उतार शोधत वाहते, खळग्यात साचते आणि बांध फोडला की दरीत उतरते.

समोच्च रेषा मुलांना अवघड जातात, कारण सपाट कागदावरून डोंगर मनात उभा करावा लागतो. ‘रेषा जवळ, उतार तीव्र’ हे पाठ होते, दिसत नाही. इथे कडा हातानेच रचायचा आणि रेषा दाटताना पाहायच्या. जलविभाजक (पाणी दोन बाजूंना वाटणारी उंच रांग) म्हणजे काय, हे वाळूची रांग रचून तिच्यावर पाऊस पाडल्यावर व्याख्येशिवाय कळते. मोबाइलवरच्या एआरमध्ये मूल पडद्याकडे बघत राहते. इथे पडदाच नाही, हात वाळूत असतात. या साधनाचे खरे बळ तेच.

मर्यादाही आहेत. भर उजेडात रंग फिके पडतात, आणि एका पेटीभोवती पाच-सहा मुलांपेक्षा जास्त मावत नाहीत. मागे उभ्या राहिलेल्यांना नुसती डोकी दिसतात. पेटीची आज्ञावली (सॉफ्टवेअर) मोफत व मुक्त आहे, मात्र मायक्रोसॉफ्टने २०१७ साली किनेक्टचे उत्पादन थांबवल्यापासून पेटी बांधू पाहणाऱ्यांना अनेकदा जुना कॅमेरा शोधत फिरावे लागते.