डांबरी शीट जितकी जास्त, तितकी गाडी शांत?

जुनी गाडी जालन्याहून समृद्धी महामार्गावर काढली की काँक्रीटवर टायरची घरघर सुरू होते. मग सल्ला ठरलेला: ‘सगळ्या पत्र्याला डॅम्पिंग शीट (आतून चिकटवायची जड डांबरी किंवा रबरी शीट) मारून घ्या, दोन थर.’ आपल्याकडे वर्षानुवर्षं हेच चालू आहे.

या शीटचं काम वेगळं आहे. पत्रा थरथरला की ती ते कंपन शोषते आणि त्याची किंचित उष्णता होते. दाराच्या पत्र्यावर टिचकी मारून बघा. ‘टण्ण’ वाजलं तर तिथे शीट हवी, ‘ठप्प’ वाजलं तर पैसे वाचवा. मोकळ्या सपाट पत्र्याच्या मधोमध साधारण पाव भाग झाकला तरी बराचसा फायदा पदरात पडतो. पूर्ण मढवलं तर मुख्यतः वजन वाढतं.

टायरचा आवाज मात्र बराचसा हवेतून, फटींतून येतो. उघड्या खिडकीच्या घराला जाड भिंत बांधून काय उपयोग? म्हणून आधी दारांची कडक झालेली रबरं बदला, फायरवॉलमधली, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यातली, वायरिंगची भोकं बुजवा. गाडीच्या आतल्या तळावर फोम आणि त्यावर जड व्हिनाइलची शीट, सलग. टायर जुने, टणक झाले असतील तर पहिला खर्च तिथेच.

छतावर बांधकामाची स्वस्त डांबरी शीट तर नकोच. मे महिन्यात नांदेड-परभणीचा पारा चाळिशीपार जातो, उन्हात पत्रा त्याहून तापतो. डांबर मऊ पडतं, वास सुटतो, शीट लोंबते. ब्युटाइल रबराचीच घ्या. आणि दाराच्या तळाची पाणी जायची भोकं बुजवू नका, पत्रा आतून गंजतो.