जठराच्या पेशी मारतं कोण? एका वादाची पार्श्वभूमी

नाशिकमध्ये पोट जळायला लागलं की खापर आधी मिसळीच्या तर्रीवर फुटतं, मग 'पित्ता'वर, आणि एंडोस्कोपीत काढलेला तुकडा पिवळ्या जेलमध्ये टाकल्यावर रंग गुलाबी झाला की एच. पायलोरी या जठरात राहणाऱ्या जंतूवर. तो गुलाबी रंग एवढंच सांगतो की युरिया फोडणारा जंतू तिथे हजर आहे. नुकसान कोण करतंय, याचा अंदाज बायोप्सीच्या रिपोर्टातल्या दुसऱ्या ओळीत असतो: 'लिम्फोसाइट व प्लाझ्मा पेशींची दाटी, ग्रंथींत न्यूट्रोफिल शिरलेले.' या सगळ्या शरीराच्याच संरक्षक पेशी. वाद इथेच आहे: अस्तराच्या पेशी जंतू मारतो, की त्याच्याशी लढायला आलेल्या या पेशी? रुग्ण ती ओळ वाचत नाही, आणि खरं सांगायचं तर लिहून देणाराही तिच्यावर फारसं बोलत नाही.

1982 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या पर्थला हा जंतू प्रयोगशाळेत वाढवला गेला, 1994 मध्ये तो कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात गेला, 2005 मध्ये शोधाला नोबेल मिळालं. इथवरचं सगळ्यांना पाठ आहे. रंजक काळ मधला, साधारण 1996 ते 2003.

जठराच्या अस्तरातल्या पेशी रोजच मरतात आणि नव्या येतात. निरोगी अस्तरात मरणाऱ्या पेशी थोड्या आणि पृष्ठभागालगत दिसतात. संसर्ग झालेल्यांच्या तुकड्यांत मात्र त्या ग्रंथीत खोलवर सापडल्या, आणि जंतू गेल्यावर कमी झाल्या. म्हणजे जंतूच मारतो, असा सरळ निष्कर्ष निघाला. काचेच्या बशीतले प्रयोगही तेच म्हणत होते. जंतूचं 'वॅकए' हे विष पेशीच्या मायटोकाँड्रियापर्यंत पोहोचतं आणि तिला आतून संपवतं, हे 2000 च्या सुमाराला दिसलं.

पण त्या बशीत होतं काय? बहुधा जठराच्या कर्करोगातून वाढवलेल्या पेशी आणि जंतू. टी-पेशी, म्हणजे लिम्फोसाइटचाच एक प्रकार, नव्हत्याच. संशयितांपैकी एकालाच पोलीस ठाण्यात बोलावलं तर गुन्हा त्याच्याच नावावर लागणार! मरणाऱ्या पेशी मोजायची पद्धतही भरवशाची नव्हती. 'टनेल' रंगकाम तुटलेला डीएनए दाखवतं, आणि डीएनए शिस्तीत मरणाऱ्या पेशीतही तुटतो, फुटून मेलेल्या पेशीतही.

दुसऱ्या बाजूचा, म्हणजे शरीराच्याच टी-पेशी मारतात याचा, पुरावा मला जास्त वजनदार वाटतो. संसर्गाला उत्तर म्हणून आलेल्या टी-पेशी गॅमा इंटरफेरॉन हे निरोप देणारं प्रथिन सोडतात. त्याने अस्तराच्या पेशींवर 'फॅस' नावाचा ग्राहक (रिसेप्टर) वाढतो. टी-पेशीवरचा जोडीदार रेणू त्याला चिकटला की पेशीच्या आत कॅस्पेज या पेशीला संपवणाऱ्या विकरांची साखळी सुरू होते. टी आणि बी पेशी नसलेल्या उंदरांना संसर्ग दिला तर जंतू मजेत राहतो, पण जठरदाह फारसा होत नाही. त्याच उंदरांत सीडी-4 प्रकारच्या टी-पेशी सोडल्या की दाह उसळतो. एवढ्यावर खरं तर वाद मिटायला हवा होता.

मिटला नाही, कारण 2003 मध्ये तेच वॅकए टी-पेशींनाही गप्प बसवतं असं दिसलं. अस्तर मारणारं विष अस्तर मारणाऱ्यांनाही आवरतं! जंतूला दाह हवा असतो, पण घर जळेल इतका नाही, असा अर्थ मी लावतो. पुढे 2015 मध्ये पेशीला भोकं पाडणाऱ्या गॅस्डर्मिन प्रथिनाचं काम उलगडलं आणि दाहक मृत्यूचा आणखी एक प्रकार या चर्चेत आला.

उपचारांवर याची सावली पडते. जपानने 2013 मध्ये व्रण नसलेल्या, फक्त जठरदाह असलेल्यांच्या जंतुनाशालाही विम्याखाली आणलं. भारतात संसर्ग सर्रास, पण जठराचा कर्करोग त्या मानाने कमी. तेव्हा प्रत्येक पॉझिटिव्हला चौदा दिवसांचा कोर्स द्यावा का, यावर मतं फाटतात. क्लॅरिथ्रोमायसिन या त्यातल्या अँटिबायोटिकला न जुमानणारे जंतू वाढत असताना तर जास्तच.

जंतू गेला की न्यूट्रोफिल काही आठवड्यांत ओसरतात. लिम्फोसाइट मात्र कित्येक महिने, कधी वर्षंही ठाण मांडून बसतात. त्यामुळे नंतरच्या बायोप्सीत 'क्रॉनिक गॅस्ट्रायटिस' दिसला म्हणून औषध लागू पडलं नाही असं होत नाही. ते पाहायला कोर्स संपल्यावर किमान चार आठवड्यांनी, अॅसिड कमी करणाऱ्या गोळ्या दोन आठवडे बंद ठेवून, श्वासाची किंवा शौचाची तपासणी करतात.