इमिग्रेशनच्या फॉर्मवर सही करण्याआधी: आमच्या ग्राहकांसाठी माहिती

तुम्ही आमच्याकडे जन्मदाखला, लग्नाचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला घेऊन येता आणि आम्ही त्यांचा मराठीतून इंग्रजीत अनुवाद करून देतो. काम झालं की बरेच जण म्हणतात, "आता ग्रीन कार्डाचा फॉर्मही तुम्हीच भरून द्या ना." आम्ही नाही म्हणतो. त्यामागचं कारण सगळ्यांना नीट कळावं म्हणून हे पत्रक.

अमेरिकेत इमिग्रेशनचा कायदेशीर सल्ला दोघांनाच देता येतो. एक, इथल्या एखाद्या राज्याची सनद असलेला वकील. दुसरा, न्याय खात्याची मान्यता असलेल्या ना-नफा संस्थेतला, त्याच खात्याने अधिकृत केलेला प्रतिनिधी. कोणता फॉर्म भरायचा, कुठल्या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं, अर्ज आता करायचा की थांबायचं, हे सांगणं म्हणजे सल्लाच. तुम्ही सांगाल ते जसंच्या तसं फॉर्ममध्ये उतरवायला इतरांनाही मुभा आहे, पण त्यांनी फॉर्मच्या शेवटी स्वतःचं नाव घालून सही करायची असते. "माझं नाव नको, तुम्हीच भरला असं दाखवू" असं कुणी म्हणालं, तर कागद परत घ्या आणि निघा. न्यू जर्सीत सनदेशिवाय असा सल्ला विकणं हा गुन्हा आहे.

नोटरीच्या पाटीवर आपला विश्वास चटकन बसतो, कारण भारतात नोटरी व्हायला आधी काही वर्षं वकिली करावी लागते. इथल्या नोटरीला कायद्याची पदवी लागत नाही. सही करणारा माणूस तोच आहे ना, एवढंच तो पाहतो.

सगळ्यात मोठं नुकसान होतं ते "वर्क परमिट पक्कं" या आश्वासनाने. असायलमचा, म्हणजे मायदेशी छळाची भीती असल्याने इथे आश्रय मागण्याचा, अर्ज प्रलंबित असताना काही महिन्यांनी वर्क परमिट मागता येतं. या सोयीचा गैरफायदा घेऊन एजंट कोऱ्या पानांवर सह्या घेतो आणि गावात राजकारणावरून मारहाण झाली, जिवाला धोका आहे, अशी कहाणी रचून अर्ज टाकतो. वर्क परमिटचं कार्ड पोस्टाने घरी येतं, माणूस खूश होऊन आणखी दोघांना त्याच एजंटाचा नंबर देतो. मग मुलाखतीचं पत्र येतं. समोर बसलेला अधिकारी त्या मारहाणीबद्दल विचारतो आणि अर्जदाराला ती पहिल्यांदाच ऐकायला मिळते. अर्ज नामंजूर झाला आणि दुसरं कुठलं वैध स्टेटस नसलं, की प्रकरण इमिग्रेशन कोर्टात जातं. जाणूनबुजून खोटा अर्ज केल्याचा ठपका बसला तर इमिग्रेशनचे जवळपास सगळे मार्ग कायमचे बंद होतात. सही तुमची असल्यामुळे उत्तर तुम्हालाच द्यावं लागतं. एजंट तोवर दुकान हलवून मोकळा झालेला असतो.

एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असताना नोकरी गेली तर पुढची सोय करायला जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात. त्या घाईत "कागदावर नोकरी दाखवतो, पगाराचे पैसे तुम्हीच आमच्याकडे भरा" असं सांगणारे भेटतात. हा सरळ सरळ बनाव आहे, त्यात अडकू नका. ग्रीन कार्डाच्या रांगेत ओळखीने तारीख पुढे सरकवता येत नाही. कुठल्या तारखेपर्यंत नंबर आला हे परराष्ट्र खातं दर महिन्याला व्हिसा बुलेटिनमध्ये छापतं. आणि ग्रीन कार्डाची (डायव्हर्सिटी व्हिसाची) लॉटरी लागल्याचा ईमेल आला तर तो खोटाच समजा: परराष्ट्र खातं निवड झाल्याचं ईमेलने कळवत नाही, शिवाय भारत त्या लॉटरीच्या पात्र देशांत नाही.

वकिलाला त्याचा सनद क्रमांक विचारायला संकोच करू नका. तो मराठी असो, तुमच्या मंडळातला असो, गणपतीला शेजारी बसून आरती म्हणणारा असो, तरी विचारा. क्रमांक त्या राज्याच्या बार किंवा कोर्टाच्या वेबसाइटवर तपासता येतो. फी किती आणि कशाची, हे लेखी घ्या. तुमच्या वतीने काम करणारा वकील जी-२८ हा फॉर्म स्वतःच्या सहीने जोडतो. अर्ज पोचला की १३ अक्षर-अंकांचा पावती क्रमांक येतो. तो स्वतःकडे ठेवा आणि अर्जाची स्थिती यूएससीआयएसच्या, म्हणजे हे अर्ज हाताळणाऱ्या सरकारी खात्याच्या, साइटवर स्वतः पाहा. मूळ पासपोर्ट आणि दाखले कुणाकडे ठेवायला देऊ नका.

आता आमच्या कामाबद्दल. यूएससीआयएसला अनुवाद पूर्ण लागतो, म्हणजे ग्रामपंचायतीचा शिक्का आणि मागच्या बाजूचा शेरासुद्धा. सोबत अनुवाद बिनचूक असल्याचं आणि आपल्याला दोन्ही भाषा येत असल्याचं अनुवादकाचं सही केलेलं निवेदन लागतं. नोटरीचा शिक्का लागत नाही, त्यासाठी कुणालाही जादा पैसे देऊ नका. दाखल्यावर आईचं नाव माहेरचं असेल तर आम्ही माहेरचंच लिहितो, जन्मतारीख पासपोर्टशी जुळत नसेल तरी दाखल्यावरचीच लिहितो. "तेवढं जुळवून द्या" अशी विनंती आम्ही मान्य करणार नाही. असा फरक कसा मांडायचा, त्याला कोणता पुरावा जोडायचा, हे वकिलाने ठरवायचं असतं.

फसवणूक झाली असेल तर लपवू नका. हाती असतील ते कागद घेऊन आधी सनदी वकिलाकडे जा, कारण कोर्टाच्या तारखा थांबत नाहीत. तुमच्या नावाने काय दाखल झालं हे माहीत नसेल तर माहितीच्या अधिकारात स्वतःची सरकारी फाइल मागवता येते. तक्रार फेडरल ट्रेड कमिशनकडे किंवा न्यू जर्सीच्या ग्राहक व्यवहार विभागाकडे करता येते.

मान्यताप्राप्त संस्थांची न्याय खात्याची यादी आमच्या काउंटरवर ठेवली आहे. यातल्या बऱ्याच संस्था कमी खर्चात काम करतात. प्रत मोफत घेऊन जा. कुणाकडेही पाठवण्याचं कमिशन आम्ही घेत नाही.