नाताळची चमकी आणि ठाण्याची खाडी

डिसेंबर लागला की जांभळी नाक्यापासून वाशीपर्यंत दुकानांबाहेर चंदेरी झिरमिळ्या, चांदण्या आणि प्लास्टिकची झाडं लटकू लागतात. पर्यावरणस्नेही नाताळ म्हटलं की चर्चा झाडापाशीच अडकते: खरं आणावं की प्लास्टिकचं? खाडीकाठी राहणाऱ्या आपल्यासाठी मला चमकीचा प्रश्न त्याहून मोठा वाटतो.

चमकी म्हणजे ॲल्युमिनियमचा पातळ थर दिलेली, बारीक कापलेली प्लास्टिकची फिल्म. पाच मिलिमीटरहून लहान प्लास्टिकला मायक्रोप्लास्टिक म्हणतात. पिशवीचे तसे तुकडे व्हायला उन्हापाण्यात बराच काळ जावा लागतो, चमकी मात्र कारखान्यातूनच त्या मापाची निघते. शुभेच्छापत्रावरून ती फरशीवर सांडते आणि पुसल्यावर बादलीतून मोरीत जाते. एकदा सांडली की वेचून घेता येत नाही, हा तिचा खरा दोष. युरोपीय संघाने सुट्या प्लास्टिक चमकीच्या विक्रीवर १७ ऑक्टोबर २०२३ पासून बंदी घातली, ती याच कारणाने.

आपलं सांडपाणी शेवटी पोचतं खाडीत, आणि नाताळच्या सुमारास तिथे रोहित पक्षी आलेले असतात. ठाणे खाडीला २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्याचा आणि २०२२ मध्ये रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. रोहित पक्षी चोच उलटी बुडवून जिभेने पाणी आतबाहेर ढकलतो आणि चोचीच्या कडांवरच्या झालरीत अन्न अडकवतो. ‘लहान रोहित’ ही जात तर अशा रीतीने डोळ्यांना न दिसणारं शैवाल गाळून खाते. झालर कणाचं माप पाहते, तो कशाचा आहे हे नाही.

थर्माकोलचा प्रवास वेगळा. त्यात जवळजवळ ९८ टक्के हवाच असते, म्हणून तो तरंगत नाल्यातून खाडीत येतो आणि भरतीबरोबर तिवरांत शिरतो. चिखलात ऑक्सिजन फारच कमी, म्हणून तिवराची श्वासमुळं बोटभर वर येऊन बारीक छिद्रांतून हवा घेतात. तरंगता कचरा नेमका त्यांच्यात अडकतो. सजावटीच्या थर्माकोलवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे.

नाताळच्या गोठ्यासाठी, म्हणजे ख्रिस्तजन्माच्या देखाव्यासाठी, थर्माकोलची गरजही नाही. संत फ्रान्सिस यांनी १२२३ मध्ये इटलीतल्या ग्रेच्चो गावी असा देखावा मांडला, त्यात चारा भरलेली गव्हाण होती आणि जिवंत बैल व गाढव होते. आपल्याकडेही अनेक घरांत गोठ्यापुढे हिरवळ दिसावी म्हणून आठ-दहा दिवस आधी नाचणी किंवा गहू पेरतात, घटस्थापनेच्या धान्यासारखेच. बांबूच्या कामट्या, पेंढा आणि ही हिरवळ एवढ्यात सुरेख गोठा उभा राहतो. चांदणी म्हणून दिवाळीचा कागदी कंदील पुन्हा टांगता येतो.

दिव्यांचं गणित सोपं आहे. जुन्या शंभर बारीक बल्बांची माळ साधारण ४० वॅट खाते, तेवढ्याच एलईडींची ५ वॅटच्या आसपास. रोज सहा तास, पंधरा रात्री लावली, तर ३.६ युनिटच्या जागी अर्ध्या युनिटहूनही कमी.

आता झाड. ब्रिटनच्या कार्बन ट्रस्टच्या अंदाजानुसार दोन मीटर उंच कृत्रिम झाडामागे सुमारे ४० किलो कार्बन डायऑक्साइडइतकं उत्सर्जन होतं. तेवढंच तोडलेलं खरं झाड सण संपल्यावर जाळलं तर सुमारे साडेतीन किलो, कचराभूमीत कुजलं तर मिथेनमुळे १६ किलो. म्हणून माळ्यावर जुनं प्लास्टिकचं झाड असेल तर तेच काढा, दहा-बारा वर्षं वापरा, फेकू मुळीच नका. नसेल तर नर्सरीत ‘ख्रिसमस ट्री’ म्हणून मिळणारं अरोकेरियाचं रोप कुंडीत घ्या. ही जात दक्षिण प्रशांत महासागरातल्या बेटांवरची असल्याने खारा, दमट वारा तिला मानवतो. तीन राजांचा सण, म्हणजे ६ जानेवारी, झाला की कुंडी पुन्हा गॅलरीत ठेवा. घरातल्या कमी उजेडात फार दिवस राहिली तर खालच्या फांद्या आधी गळू लागतात.