मतदार नोंदणी: अर्ज नेमका अडकतो कुठे?

मतदानाच्या दिवशी केंद्राबाहेर एक वाद हमखास ऐकू येतो. हातात ओळखपत्र असतं आणि यादीत नाव सापडत नाही. ‘मागच्या वेळी इथंच मत दिलं’ म्हणणारा खरंच बोलत असतो, पण यादी घेऊन बसलेल्या कर्मचाऱ्याच्या हातात त्या दिवशी काहीच नसतं. मत पडतं ते यादीतल्या नावावर. कार्ड कपाटात तसंच राहतं आणि इकडे नाव ‘स्थलांतरित’ किंवा ‘दुबार’ म्हणून कमी झालेलं असतं. तेव्हा आधी भारत निवडणूक आयोगाच्या मतदार सेवा पोर्टलवर नाव शोधा. जमत नसेल तर १९५० ला फोन करा.

पात्रता सोपी आहे: भारतीय नागरिकत्व, १८ वर्षं पूर्ण आणि त्या पत्त्यावर नेहमीचं वास्तव्य. वय १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर या तारखांना मोजतात. १७ पूर्ण झालेल्यांना आगाऊ अर्ज करता येतो. नव्या मतदाराला नमुना ६, फोटो आणि वयाचा व पत्त्याचा पुरावा लागतो. फी नाही. कोणी पैसे मागितले तर देऊ नका.

गोची होते ती पत्त्याच्या पुराव्यात. आधारवर पत्ता गावचा, राहणं पुण्यात भाड्यानं, वीजबिल मालकाच्या नावावर. भाडेकरार चालतो, पण नोंदणीकृत हवा. मालकानं स्टँप पेपरवर नोटरी करून दिलेला कागद इथं उपयोगाचा नाही. महाराष्ट्रात कराराची नोंदणी करून घेणं ही कायद्यानं मालकाचीच जबाबदारी आहे, हे भाडेकरूला कुणी सांगत नाही. बँकेच्या चालू पासबुकावर सध्याचा पत्ता चढवून घेणं त्यातल्या त्यात सोपं. वसतिगृहातल्या विद्यार्थ्यांना घरचा किंवा वसतिगृहाचा पत्ता निवडता येतो. वसतिगृहाचा घेतल्यास संस्थाप्रमुखाचा दाखला लागतो.

यातलं काहीच नसेल तरी केवळ तेवढ्यावरून अर्ज फेटाळता येत नाही. अशा वेळी बीएलओनं, म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्यानं, घरी येऊन पडताळणी करायची असते. खरे अर्ज मरतात ते इथंच. बीएलओ बहुधा शाळेतले गुरुजी नाहीतर अंगणवाडीताई असतात. ते दुपारी येतात, दाराला कुलूप असतं, शेजारी ‘माहीत नाही’ म्हणतात आणि शेरा पडतो: सदर व्यक्ती राहत नाही. अर्ज भरल्यावर संदर्भ क्रमांक जपून ठेवा, पोर्टलवरून बीएलओचा नंबर काढून स्वतः फोन करा आणि शेजाऱ्यांना, वॉचमनला आपलं पूर्ण नाव सांगून ठेवा.

ऑनलाइन भरताना आणखी एक सापळा आहे. इंग्रजीत नाव टाइप केलं की मराठी रूप आपोआप उमटतं. काळ्यांचे ‘काले’ होतात, साठ्यांचे ‘साथे’. सबमिट करण्याआधी मराठी रकाना वाचा.

लग्न होऊन सासरी आलेल्या मुलींना आजही नमुना ६ भरायला सांगतात. २०२२ पर्यंत मतदारसंघ बदलला की तोच भरावा लागे, झेरॉक्सवाल्यांच्या डोक्यात अजून तेच आहे. १ ऑगस्ट २०२२ पासून पत्ता बदलायला, मतदारसंघ दुसरा असला तरी, नमुना ८ च. नमुना ६ मध्ये ‘माझं नाव इतर कुठल्याही यादीत नाही’ असं लिहून द्यावं लागतं; माहेरच्या यादीत नाव असताना ते खोटं ठरतं आणि त्याला एक वर्षापर्यंत कैदेची तरतूद आहे. नमुना ८ मध्ये एका वेळी एकाच कामावर खूण करायची असते. म्हणून आधी स्थलांतराचा अर्ज, तो मंजूर झाला की नावाच्या दुरुस्तीचा दुसरा. कंटाळवाणं आहे, पण दोन्ही खुणा एकदम करून अर्ज परत आलेला त्याहून वाईट.

मुदतीचाही घोळ होतो. मतदानाच्या आदल्या आठवड्यापर्यंत नाव घालता येतं असं लोक धरून चालतात. उमेदवारी अर्जांचा शेवटचा दिवस संपला की यादीत नवं नाव जात नाही. त्यातच हरकतींसाठी सात दिवस जातात, म्हणजे तुमचा अर्ज त्याच्याही आधी पोचायला हवा. महापालिका, जिल्हा परिषदेचं गणित निराळं: राज्य निवडणूक आयोग विधानसभेचीच यादी एका ठरावीक तारखेची घेऊन प्रभागवार विभागतो. २०२५ मध्ये ती तारीख १ जुलै होती. त्यानंतर अठराचे झालेले कितीतरी जण नवं कोरं कार्ड घेऊन हात हलवत परतले.

लोकसभा-विधानसभेला ८५ वर्षांवरील आणि ४० टक्के किंवा अधिक अपंगत्व असलेल्यांना घरून मत देता येतं, त्यासाठी नमुना १२-ड. तो निवडणुकीच्या अधिसूचनेपासून पाच दिवसांत द्यायचा असतो. आजोबांचा फॉर्म आधीच भरून, सही घेऊन ठेवा.